युरोपातले काका आणि मामा

संस्कृतातील पितृ, मातृ, भ्रातृ हे शब्द लॅटिनमध्ये 'पातेर', 'मातेर', 'फ्रातेर' या रूपांनी भेटतात, हे आता बहुतेक सुशिक्षितांना ठाऊक आहे. परंतु आईबापांची नावे सहसा टिकतात, आणि म्हणूनच कुटुंबसंस्थेचा खरा इतिहास पाहू इच्छिणाऱ्याने काका-मामांच्या नावांचा माग काढावा.

प्राचीन रोमन मनुष्य बापाच्या भावाला 'पात्रुउस', आईच्या भावाला 'आवुनकुलुस', बापाच्या बहिणीला 'आमिता' आणि आईच्या बहिणीला 'मातेरतेरा' म्हणे. काका, मामा, आत्या, मावशी ही आपल्या घरातली चौकट तेथेही तशीच नांदत होती. पात्रुउस, म्हणजे संस्कृत 'पितृव्या'चा सगोत्र, हा पुरुषवंशाचा प्रतिनिधी असल्याने त्याचा धाक लॅटिन वाङ्मयात लौकिकासच चढला आहे. उलट आवुनकुलुस या शब्दाचा मूळ अर्थ 'धाकटा आजा' असा, आणि त्यात मातुलगृहीचा जिव्हाळा मला स्पष्ट ऐकू येतो. जर्मन टोळ्यांत बहिणीच्या मुलांना मामापाशी बापाइतकाच मान असतो, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसनेही इ. स. ९८ च्या सुमारास केली आहे.

पुढे ही चौकट मोडली. फ्रेंचांनी मामाच्या शब्दाचे 'ओंक्ल' करून तो काकालाही बहाल केला व आत्याचा 'तांत' मावशीला दिला. नॉर्मन अंमलानंतर हाच ओंक्ल इंग्लंडात 'अंकल' झाला. स्पॅनिश 'तीओ' आणि इटालियन 'झीओ' यांनी तर ग्रीक 'थेइओस'चा आश्रय केला. जर्मनांचा मूळचा काका 'फेटर' आज चुलत-मामेभावाचे नाव होऊन बसला आहे, आणि मामाचा 'ओहाइम' फ्रेंचांकडून आलेल्या 'ओंकेल'पुढे मागे पडला.

याचे कारण मला वारसाच्या हिशेबात दिसते. जुन्या रोमन कायद्यात मालमत्ता प्रथम पुरुषवंशाच्या आप्तांकडे जाई, इ. स. ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या फर्मानाने पितृपक्ष व मातृपक्ष यांतला तो भेद रद्द केला, आणि पश्चिमेकडेही रक्ताचे नाते दोन्ही बाजूंनी सारखेच मोजण्याची रीत हळूहळू रूढ झाली. ज्या घरात काकाचा हक्क आणि मामाची माया यांचे खाते निराळे राहिले नाही, तेथे दोन शब्द कोण सांभाळील?

स्वीडिश भाषेने मात्र बाप, आई, भाऊ, बहीण या चार शब्दांच्या जोड्या जुळवून काकाला 'फारब्रोर', मामाला 'मोरब्रोर', आत्याला 'फास्टेर' व मावशीला 'मोस्टेर' अशी नावे घडविली, आणि तेथील मुले आजही ती रोज उच्चारतात.