पाली दरवाजाचे कोडे

किल्ल्याची वाट कशी असावी? अरुंद, खड्या चढणीची, शत्रूचा दम काढणारी, असे तुम्ही चटकन सांगाल. मग पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे भागातील पाली गावाहून राजगडावर जाणारी वाट पाहा. ती चांगली रुंद आहे, तिला पायऱ्या आहेत. वरचा पाली दरवाजा तर इतका उंच, की अंबारीसह हत्ती आत जाईल असे सांगतात. शत्रूची एवढी सोय कशाला?

राजगड हा पूर्वीचा मुरुंबदेवाचा डोंगर. शिवाजी महाराजांनी त्यावर गड बांधला. रायगडाच्या आधी सुमारे पंचवीस वर्षे राज्याचा कारभार येथूनच चाले. राजधानी म्हटली की धान्य, दारूगोळा, पालख्या यांची ये-जा आलीच. म्हणून राजमार्ग हवाच होता. तो ठेवूनही गड सुरक्षित कसा ठेवायचा, हे खरे कोडे!

त्यातला निम्मा भाग निसर्गानेच सोडवला होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हे डोंगर तयार झाले. मऊ थर झिजून उतार झाले. कठीण थरांचे उभे कडे राहिले. असा कडा म्हणजे आयता तटच. माणसाने तट बांधायचा तो कडा जिथे कमी पडेल तिथे.

उरलेले काम दरवाजांनी केले. पाली दरवाजा एक नाही, दोन आहेत! पहिला फोडून शत्रू आत आला, तरी सुमारे दोनशे मीटर चढून पुन्हा दरवाजाच समोर. त्याच्या बुरुजांवर तोफांसाठी गोल झरोके आहेत. मधल्या वाटेवरचा शत्रू वरून माऱ्यात सापडतो.

संजीवनी माचीवरही हीच युक्ती दिसते. तिथे जागोजागी तट दुहेरी आहे. बाहेरची भिंत पाडली, तरी पुढे अरुंद बोळ आणि त्यामागे दुसरी भिंत!

अर्थात अजिंक्य असे काहीच नसते. १७०४ मध्ये औरंगजेबाने वेढा घालून राजगड घेतला. १७०७ मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या बारा मराठा किल्ल्यांत राजगडही आहे.

तुम्ही पालीच्या वाटेने गेलात, तर दोन दरवाजांच्या मध्ये क्षणभर थांबा आणि वर पाहा. तुम्ही शत्रू असता, तर मारा कोठून कोठून झाला असता? मोजा पाहू!