मान नसलेला फुगा

जुन्या सायकलच्या ट्यूबला एखाद्या जागी टेंगूळ यायचं. रबर तिथे पातळ झालेलं असायचं आणि हवा नेमकी तिथेच जोर करायची. मेंदूच्या तळाशी, धमन्यांना फाटे फुटतात तिथे, असंच टेंगूळ येतं. त्याचं नाव ॲन्युरिझम. डॉक्टर नातेवाइकांना ‘फुगा’ म्हणूनच सांगतात. तो फुटला की जन्मात कधी दुखलं नव्हतं असं डोकं एका क्षणात दुखतं. पहिल्या २४ तासांत तो पुन्हा फुटण्याची भीती सर्वांत जास्त, म्हणून सगळी घाई.

२२ एप्रिल १९३१ला एडिंबरामध्ये नॉर्मन डॉट यांनी असा एक फुगा उघडा केला आणि तो समोरच फुटला. रुग्णाच्याच पायातून काढलेला स्नायूचा तुकडा डॉट यांनी त्या जागी दाबून धरला, १२ मिनिटं. रक्त थांबलं, रुग्ण वाचला. पण हे झालं ठिगळ. फुग्याची मानच आवळायची, ही युक्ती बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी २३ मार्च १९३७ला केली, चांदीच्या चिमुकल्या क्लिपने. आजही क्लिपिंग म्हणजे हेच. चांदीच्या जागी टायटॅनियम आलं, आणि डोळ्यांना मायक्रोस्कोप लाभला.

पण मान असेल तरच ती आवळता येते. काही फुगे २५ मिलिमीटरच्या वर वाढतात, आत गुठळ्या साचतात, भिंत चुनखडीसारखी कडक होते. काहींच्या बुडातूनच मेंदूला रक्त नेणारी फांदी निघते. क्लिप लावली की फांदीही गेली. कॅनडातल्या लंडन गावचे (हो, तिथेही एक लंडन आहे) चार्ल्स ड्रेक मेंदूच्या मागच्या, बॅसिलर धमनीच्या फुग्यांमागे आयुष्यभर लागले. ती जागा श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या भागाला खेटून असते. आड येणारी धमनी चिरडू नये म्हणून त्यांनी क्लिपच्या पात्यालाच भोक ठेवलं. धमनी भोकातून सुखरूप जाते, पातं पलीकडची मान धरतं. शिंप्याच्या डोक्यात यावी अशी कल्पना. मागच्या बाजूच्या फुग्यांच्या १,७६७ रुग्णांचा त्यांच्या चमूचा अनुभव पुढे ग्रंथरूपाने आला.

तेही जमत नसेल तर फुग्याची धमनीच बंद करायची आणि पुढच्या मेंदूला दुसरीकडून रक्त द्यायचं. गाझी याशारगिल व्हरमाँटमध्ये कुत्र्यांच्या धमन्या शिवायला शिकले आणि ३० ऑक्टोबर १९६७ला झुरिकमध्ये त्यांनी टाळूच्या कातडीतली धमनी मेंदूतल्या धमनीला जोडली. केसाहून बारीक दोरा, आणि टाके घालेपर्यंत खालचा मेंदू रक्ताविना ताटकळलेला. फुगा फुटलेला असेल तर मेंदू सुजून वर येतो, म्हणजे हात घालायलाही जागा नाही.

मग ग्विदो गुलिएल्मी यांची कॉइल आली. जांघेतून नळी सरकवायची, फुगा आतून प्लॅटिनमच्या वेटोळ्यांनी भरायचा. कवटी उघडायचं कारण नाही. २००२ साली २,१४३ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभराने मृत किंवा परावलंबी झालेले रुग्ण कॉइलच्या गटात २३.७ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ३०.६. कौल स्पष्ट होता. फक्त एक अट विसरली जाते: दोन्ही उपाय सारखेच चालतील असं डॉक्टरांना वाटलं, तेच रुग्ण त्यात होते. अवघड फुगे बहुधा दाराबाहेरच राहिले. त्यांच्यासाठी जाळीदार नळ्या निघाल्या खऱ्या, पण त्या बसवल्या की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या द्याव्या लागतात, आणि नुकताच रक्तस्राव झालेल्या माणसाला त्या द्यायच्या म्हणजे आगीशी खेळ.

परिणाम असा, की सोपे फुगे कॉइलकडे गेले आणि सर्जनच्या वाट्याला अवघड तेवढे उरले. ते अवघड सोपवायचे ते मात्र दरवर्षी कमी क्लिपा लावणाऱ्या हातांवर. माझ्या मते या विषयातली खरी गुंतागुंत हीच आहे, धमनीतली नव्हे. म्हणून आता शिकाऊ सर्जन मायक्रोस्कोपखाली बाजारातून आणलेला कोंबडीचा पंख ठेवतात आणि त्यातली जेमतेम एक मिलिमीटरची धमनी कापून पुन्हा शिवत बसतात.