रिंगला भिंतीवर कोण दाबतं?
'एम्मा मर्स्क' हे डॅनिश कंटेनर जहाज 2006 मध्ये सेवेत आलं, तेव्हा त्याचं इंजिन जगातलं सर्वांत ताकदवान डिझेल इंजिन होतं. 14 सिलिंडर, वजन 2300 टन, ताकद सुमारे 80 मेगावॉट. एकेका सिलिंडरचा व्यास 96 सेंटीमीटर आणि पिस्टनची धाव अडीच मीटर. एवढ्या अवाढव्य यंत्राची मदार मात्र पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं अस्तर, म्हणजे लायनर, यांच्यामधल्या काही मायक्रॉन जाडीच्या तेलावर असते.

रिंग स्वतःच्या ताणाने लायनरला चिकटून राहते, असं सहज वाटतं. पण तो ताण जेमतेम एक-दोन बार दाबाएवढा. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधला दाब दीडशे बारच्या आसपास जातो. हा तापलेला वायू पिस्टनच्या खाचेत, रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. आतून बसणाऱ्या झाकणाच्या प्रेशर कुकरमध्ये वाफच झाकण घट्ट करते, तसंच इथे घडतं.

खरा पेच वेळेचा आहे. दाब शिगेला पोहोचतो तेव्हा पिस्टन वरच्या टोकाला जवळजवळ थांबलेला असतो. रिंग सरकताना तेल ओढून घेते, म्हणून तेलाचा थर टिकतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडलेलं समीकरण हेच सांगतं. वेग संपला की थर पातळ होतो आणि दोन्ही धातूंवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात. हे उंचवटे किती भार उचलतात, याचं गणित ग्रीनवुड आणि ट्रिप यांनी 1970 च्या सुमारास मांडलं. ते आजही वापरात आहे.

उष्णताही नेमकी याच जागी सर्वाधिक. तापलं की तेल पातळ होतं, थर विरतो, धातू घासतो आणि त्या घर्षणातून आणखी उष्णता निर्माण होते. शिवाय धातू फुगतो. 96 सेंटीमीटर व्यासाची ओतीव लोखंडी रिंग लायनरपेक्षा 100 अंशांनी जास्त तापली, तर तिचा परीघ तीन मिलिमीटरहून अधिक वाढतो. तिच्या दोन टोकांमधली फट तेवढी ठेवलेली नसेल, तर टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि रिंग अडकते किंवा तुटते.

म्हणून उष्णता आणि दाब वेगवेगळे मोजून भागत नाही. संगणकावर पिस्टन, रिंग, लायनर यांचे बारीक तुकडे करून तापमान काढतात. त्यावरून तेलाचा पातळपणा आणि धातूचा बदललेला आकार. त्यावरून तेलाच्या थराची जाडी, उंचवट्यांवरचा दाब आणि घर्षणाची उष्णता. ती पुन्हा तापमानाच्या गणितात. आकडे स्थिर होईपर्यंत हे चक्र फिरत राहतं. शेवटी दिसणारं तापमानाचं लाल-पिवळं चित्र फार देखणं असतं, पण माझ्या मते त्यावर लगेच विश्वास टाकू नये. वायूकडून धातूला किती उष्णता मिळते, हा आकडा बाहेरून भरलेला असतो आणि तो चुकला तर पुढचं सगळंच चुकतं. म्हणून लायनरमध्ये बसवलेल्या तापमापकांशी ताळा घ्यावा लागतो. जहाज बंदरात थांबलं की इंजिनिअर लायनरच्या खालच्या हवेच्या खिडक्यांतून रिंगा तपासतात, काठीने दाबून त्यांची उसळी पाहतात. तिथे दिसलेली झीज आणि हे गणित जुळलं पाहिजे.

अशा समजेतून आलेली मला सर्वांत आवडणारी युक्ती म्हणजे मुद्दाम गळणारी रिंग. साध्या रिंगच्या फटीतून तापलेल्या वायूचा झोत एकाच जागी सुटतो आणि लायनर तिथे भाजतो. एमएएन बी अँड डब्ल्यू इंजिनांच्या रचनेत वरच्या रिंगची टोकं एकमेकांत अडकवून ती फट बंद केली जाते आणि रिंगच्या बाहेरच्या अंगावर तिरक्या खाचा पाडतात. वायू ठरलेल्या प्रमाणात, चहूबाजूंनी खाली उतरतो. वरच्या रिंगवरचा दाब कमी होतो आणि खालची रिंगही भार उचलते.

तापमान नुसतं कमी ठेवणं हाही उपाय नव्हे. इंधन वाचवण्यासाठी जहाजं मंद चालू लागली, तेव्हा लायनर थंड पडू लागले. इंधनातल्या गंधकापासून बनलेलं सल्फ्युरिक आम्ल भिंतीवर साचून लोखंड खाऊ लागलं. त्यामुळे संगणकावरचं हे गणित, म्हणजे सिम्युलेशन, आता पूर्ण ताकदीच्या प्रवासासाठी जसं चालवतात, तसंच निम्म्याहून कमी भारासाठीही चालवावं लागतं.