चापातील भजे आणि विडीचा धूर

फुफ्फुसाचा लवचीकपणा इलॅस्टिन या प्रथिनाच्या तंतूंवर टिकून असतो आणि ते तंतू कुरतडणारे विकर शरीर स्वतःच तयार करते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जिवाणूंशी झुंजताना इलॅस्टेज नावाचे हे विकर सोडतात, आणि त्याला वेळीच आवरण्यासाठी यकृतात बनलेले अल्फा-१ अँटीट्रिप्सिन हे रक्षक प्रथिन रक्तावाटे फुफ्फुसात पोहोचते.

या प्रथिनाची रीत उंदराच्या चापाची आहे. त्याच्या बाहेर डोकावणाऱ्या फासात ३५८व्या स्थानी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते आणि चापाला लावलेल्या भज्याप्रमाणे तेच इलॅस्टेजला भुलवते. विकराने फास तोडताच प्रथिनाची घडी झटक्यासरशी बदलते, त्याला चिकटलेले विकर थेट दुसऱ्या टोकाला भिरकावले जाते आणि चेमटून निकामी होते. चाप अर्थातच एकदाच वापरता येतो.

धूर नेमका भज्यावर घाला घालतो. विडी-सिगारेटच्या धुरातील ऑक्सिडीकारक द्रव्ये मेथिओनिनमधील गंधकाला ऑक्सिजनचा एक अणू जोडतात, आणि एवढ्याशा बदलाने इलॅस्टेजला पकडण्याचा वेग प्रयोगनळीत सुमारे दोन हजार पटींनी मंदावतो.

हे प्रथिन नसल्यास काय होते, हे १९६३मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे उमगले. कार्ल-बर्टिल लॉरेल यांना सुमारे १,५०० रक्तनमुन्यांच्या विद्युत्संचलन पट्ट्यांपैकी, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी केलेल्या कागदांपैकी, पाचांत अल्फा-१चा पट्टाच दिसला नाही. त्या रुग्णांचा माग काढणारे तरुण डॉक्टर स्टेन एरिक्सन यांना त्यांतील तिघांत वातस्फीती, म्हणजे वायुकोशांच्या भिंती विरून जाण्याचा विकार, आढळला. रिकाम्या जागेकडे लक्ष जाणे हे पट्टा वाचण्याहून कठीण काम होते.

धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात मात्र हे प्रथिन सहसा पुरेसे, क्वचित अधिकही असते, कारण दाह वाढला की यकृत ते जास्त बनवते. साध्या चाचणीत चापांची संख्या मोजली जाते, त्यांतील भजे शाबूत आहे का, हे नव्हे. अर्थात दीर्घकालीन श्वसनविकाराचा, म्हणजे सीओपीडीचा, सारा दोष या एका अणूच्या माथी मारणे घाईचे ठरते, कारण दाह व इतर विकरेही त्यात भागीदार असतात. जन्मजात कमतरता असलेल्यांना दात्यांच्या रक्तद्रवातून मिळवलेले हे प्रथिन शिरेवाटे देण्यास अमेरिकेत १९८७मध्ये परवानगी मिळाली. त्या बाहेरून दिलेल्या चापातही ३५८व्या जागी तेच मेथिओनिन असते.