गाडी बंद पडली. आधी माणसे सांभाळा

मे महिन्यात आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात गावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. बॉनेट उघडलेली जुनी डिझेल गाडी, त्यात वाकून पाहणारे दोघे-तिघे आणि रस्त्याच्या कडेला चटई टाकून बसलेली आजी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. त्यामुळे घरातली जुनी, दणकट डिझेल गाडी अनेक कुटुंबांत अजून लांबच्या प्रवासाला निघते. अशी गाडी वाटेत रुसली तर त्याचे कुणाला फारसे नवल वाटत नाही.

गाडीचा बिघाड गॅरेजमध्ये दुरुस्त होतो. मात्र बिघाडानंतरच्या अर्ध्या-एक तासात माणसांना होणाऱ्या इजा रुग्णालयाच्या अपघात विभागात येतात. भाजलेले चेहरे, चिरडलेली बोटे, डिझेल फुप्फुसात गेलेले तरुण, उन्हाने गळून गेलेले वृद्ध अशी ही यादी आहे. यातले बहुतेक सारे टाळता येण्यासारखे असते. त्यासाठी कोणता बिघाड शरीराला कुठे इजा करतो, एवढे माहीत हवे.

पहिला धोका मागून येतो

गाडी बंद पडली की बहुतेकांचे पहिले काम बॉनेट उघडणे हेच असते. खरे तर पहिले काम माणसांना रस्त्यापासून दूर नेण्याचे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे सरकते. चालकाला अडथळा दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ४० मीटर जातात. त्यानंतर वाहन थांबायला आणखी ६० मीटर तरी लागतात. म्हणून लाल त्रिकोण गाडीला टेकवून ठेवण्याचा काही उपयोग नाही. महामार्गावर तो शंभर पावलांहून लांब, आणि घाटात वळणाच्या अलीकडे हवा.

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि सर्वांनी डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे जावे. गाडीच्या पुढे उभे राहू नये, कारण मागून धडक बसली की गाडी पुढेच फेकली जाते. दोन वाहनांच्या मध्ये तर मुळीच थांबू नये. डावीकडे दरी असेल आणि उतरणे धोक्याचे असेल, तर पट्टे लावून आत बसणे बरे. गाडीमागे दगड मांडण्याची आपल्याकडे सवय आहे. गाडी सुरू झाली की लोक निघून जातात आणि दगड तिथेच राहतात. रात्री एखादा दुचाकीस्वार त्यावर आदळतो. मांडलेले दगड उचलून मगच निघावे.

तापलेले इंजिन

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती भयंकर तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. अशा इंजिनाला फिरते पाणी, वाहते डिझेल, धड बेल्ट आणि दमदार बॅटरी लागते. जुन्या गाडीत यांपैकीच काहीतरी दगा देते.

चढावर काटा लाल रेषेकडे गेला की एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. हीटर लावल्याने इंजिनाची थोडी उष्णता आत येते. प्रवाशांना उकडते, पण इंजिनाला आराम मिळतो. यानंतरची नेहमीची चूक म्हणजे रेडिएटरचे झाकण लगेच फिरवणे. आतले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते १०० अंशांवर उकळत नाही, १२० अंशांच्या आसपास जाऊ शकते. झाकण सैल झाले की दाब उतरतो, पाणी क्षणात उकळते आणि वाफेसह थेट चेहऱ्यावर, छातीवर उडते. वरून फडके धरल्याने संरक्षण मिळत नाही. अर्धा-पाऊण तास थांबावे आणि वरची नळी हाताला गार लागल्यावरच झाकणाला हात लावावा. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, म्हणून बोटे लांब ठेवावीत.

भाजलेच, तर त्या भागावर वीस मिनिटे साधे, वाहते पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. चेहरा किंवा डोळा भाजला असेल तर रुग्णालय गाठावे.

आणखी एक सावधगिरी कूलंटची. त्यातला इथिलिन ग्लायकॉल हा घटक चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असतो. उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून गाडीत ठेवले, तर तहानलेले मूल ते पिऊ शकते. ते मूळ डब्यातच ठेवावे.

तुटलेला बेल्ट आणि जड झालेला ब्रेक

फॅन बेल्ट तुटला की फक्त बॅटरीचे चार्जिंग थांबते, असा अनेकांचा समज असतो. डिझेल इंजिनात ब्रेकला मदत करणारी पोकळी तयार करायला वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. अनेक जुन्या गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. बेल्ट गेला की अल्टरनेटर थांबतो, पंप थांबतो आणि दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. उतारावर हे जिवावर बेतते. लाल बॅटरीचा दिवा आणि ब्रेकचा जडपणा एकदम जाणवला, तर खालचा गिअर टाकून, वेग कमी करत लगेच थांबावे. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडण्याची सवय याच कारणाने घातक आहे.

तोंडाने ओढलेले डिझेल

टाकी रिकामी झाली किंवा फिल्टर चोंदला, की डिझेलच्या नळीत हवा शिरते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘एअर पकडते’. मग हातपंप दाबून, नट सैल करून हवा काढावी लागते. अशा वेळी दुसऱ्या गाडीतून डिझेल घेताना नळी तोंडात धरून ओढण्याची पद्धत सर्रास आहे.

डिझेल पातळ आणि तेलकट असते. गिळताना किंवा ठसका लागताना त्याचा छोटा घोटही श्वासनलिकेत उतरतो आणि फुप्फुसांत पसरतो. तिथे ते रासायनिक न्यूमोनिया घडवते. काही तासांत खोकला, छातीत दुखणे, धाप आणि ताप येतो. कधी पहिल्या दिवशी माणूस बरा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी खालावतो. अशा रुग्णाला मीठपाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करायला लावू नये, कारण वर येणारे डिझेल पुन्हा फुप्फुसात जाते. तोंड धुवावे, भिजलेले कपडे बदलावेत आणि ठसका लागला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हाताने दाबायचा नळीचा पंप हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो डिकीत असावा.

दुसरी इजा फारशी कुणाला माहीत नसते. टायरमधला दाब साधारण दोन बार असतो. जुन्या साध्या डिझेल पंपाच्या इंजेक्टरशी तो शंभर बारच्या पुढे, तर कॉमन रेल गाड्यांत हजार बारच्या वर जातो. नळी कुठून गळते हे पाहायला बोट फिरवले आणि बारीक फवारा लागला, तर डिझेल कातडी भेदून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढाच ठिपका दिसतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र ते स्नायूंच्या आवरणांतून पसरते आणि पेशी मरू लागतात. काही तासांत बोट सुजते, काळे पडते. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावे लागते. जखम लहान म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी जाऊ नये. ‘डिझेल दाबाने आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

धक्का, जॅक आणि बॅटरी

डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला भरपूर वीज लागते. बॅटरी दमली की ‘जरा धक्का मारा’ अशी हाक येते. वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने भर उन्हात दीड टनाची गाडी ढकलणे म्हणजे हृदयावर अचानक पडलेला मोठा भार. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा आधीचा हृदयविकार असेल तर धक्का मारणाऱ्यांत सामील होऊ नये. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम किंवा एकाएकी दम लागणे दिसले, तर गाडी तिथेच सोडून १०८ला फोन करावा. मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो.

दुसऱ्या बॅटरीची वायर जोडताना शेवटची काळी वायर बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने त्याचा भडका उडू शकतो. ॲसिड डोळ्यांत गेल्यास वीस मिनिटे पाण्याने धुवून लगेच रुग्णालयात जावे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोके घालू नये. उतारावर तर चाकांना दगड लावल्याशिवाय जॅकच लावू नये.

मदत येईपर्यंत

टोईंगची गाडी यायला दोन तास लागले, तर ते दोन तास कसे काढायचे हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. उन्हात काचा बंद असलेल्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान सुमारे दहा अंशांनी वाढते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगाने तापते. मुलांना आणि वृद्धांना गाडीत न बसवता सावलीत न्यावे. एसीसाठी इंजिन सुरू ठेवून त्यात झोपणेही बरे नाही. जुन्या सायलेन्सरला भोक असेल तर धूर आत येतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ सालीच जाहीर केले आहे.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेतलेल्या माणसाचे जेवण लांबले, तर थरथर, घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे सुरू होते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि नंतर काहीतरी खायला द्यावे. इन्सुलिनची पेटी डॅशबोर्डवर ठेवू नये. उन्हात बसलेली व्यक्ती बरळू लागली आणि अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी.

निघण्याच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये बेल्ट, पाण्याच्या नळ्या, कूलंट, डिझेल फिल्टर, बॅटरी आणि स्टेपनी पाहून घ्यायला तासभर पुरतो. डिकीत लाल त्रिकोण, टॉर्च, हातपंपाची नळी, जाड हातमोजे आणि माणशी दोन लिटर पाणी असावे. सोबत साखर, बिस्किटे आणि औषधांची एक दिवस जास्तीची पुडी ठेवावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कोणत्याही संकटात ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक कागदावर लिहून गाडीत चिकटवावेत. मोबाइलची बॅटरीही कधी कधी गाडीच्या बॅटरीबरोबरच संपते.