रहीमसाहेब : एका शिक्षकाचा भारतीय संघ

आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने फुटबॉलचं सुवर्णपदक आजवर दोनदा जिंकलं, 1951 साली दिल्लीत आणि 1962 साली जकार्तात. दोन्ही वेळा प्रशिक्षक एकच होते, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मधल्या काळात 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत उपांत्य फेरीपर्यंत पोचला, तो संघही त्यांचाच. त्या काळाला आपण भारतीय फुटबॉलचं सुवर्णयुग म्हणतो आणि खेळाडूंची नावं घेतो : चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम. ती घ्यायलाच हवीत. पण हे खेळाडू घडवणारी आणि एकत्र बांधणारी कामगिरी कुठे झाली हे पाहायचं, तर राष्ट्रीय संघाच्या आधी हैदराबादच्या शाळा आणि पोलिसांचं मैदान पाहावं लागतं.

रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 चा, हैदराबादचा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला या विद्यापीठाची वेगळी ओळख करून द्यायला नको, कारण निजामी राजवटीत मराठवाड्यातली मुलंही उच्च शिक्षणासाठी तिथेच जात. रहीम स्वतः चांगले खेळाडू होते, पण पेशा शिक्षकाचा. शहरातल्या निरनिराळ्या शाळांत त्यांनी शिकवलं आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचं सचिवपद आणि हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचं प्रशिक्षकपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळलं. त्यांच्या हाताखालच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी ते कायम ‘रहीमसाब’ राहिले.

पोलिसांच्या या संघाने काय केलं, ते मुंबईने डोळ्यांनी पाहिलं. रोव्हर्स कप ही 1891 पासूनची मुंबईची मानाची स्पर्धा होती. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हा चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. कलकत्त्याचे मातबर क्लब कूपरेज मैदानावर यायचे आणि हात हलवत परत जायचे. 1956 आणि 1957 च्या मोसमांत हैदराबादने संतोष करंडकही जिंकला आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरवलं ते मुंबईला. त्या पराभवांचं मुंबईकरांना वाईट वाटलं असेल, पण मुंबईच्या प्रेक्षकांना उत्तम सांघिक फुटबॉलची चव लावण्यात या पाहुण्यांचा वाटा मोठा होता.

ही किमया साधली कशी? रहीम यांनी मुलांसाठी ज्या स्पर्धा भरवल्या, त्यांच्या नियमांतच उत्तर आहे. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की अडवायचा आणि द्यायचा, घोळवत बसायचं नाही. दुसरीत खेळाडूने आपल्या कमकुवत पायानेच चेंडू मारायचा. बुटक्या मुलांची वेगळी स्पर्धा, म्हणजे चपळ पण लहानखुऱ्या पोराला धिप्पाड पोरांच्या गर्दीत हरवून जायला नको. या नियमांमागे वर्गात शिकवणाऱ्या माणसाची नजर आहे. मूल कुठे अडतं हे आधी हेरायचं आणि त्याच जागी सराव द्यायचा. दोन्ही पायांनी खेळणारा आणि पास कधी द्यायचा हे उमगलेला खेळाडू मैदानात कुठेही उभा करता येतो. बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचे, घरची गरिबी. सरावाला इतक्या लांब रोज यायचं कसं, हा प्रश्न होता. रहीम यांनी त्यांच्यासाठी सायकलीची सोय केली. अशा मुलांतूनच पुढे भारताचे ऑलिंपिकपटू निघाले.

राष्ट्रीय संघाची जबाबदारी म्हणजे त्या काळी स्पर्धेपुरतं शिबिर आणि मग दौरा. 1951 च्या अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या गोलावर भारताने इराणला 1-0 हरवलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने 10-1 असा धुव्वा उडवला. हवा थंड आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. तो पराभव भारतीय फुटबॉलसाठी हिशेब मांडण्याचा क्षण ठरला. बूट सक्तीचे झाले, पण माझ्या मते रहीम यांचा खरा धडा बुटांच्या पलीकडचा होता. युरोपातले संघ धावतात कसे, जागा बदलतात कसे, हे त्यांनी बारकाईने टिपलं. 1953 साली हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 हरवलं, तेव्हा त्यांचा हिदेगकुटी हा मधला आघाडीवीर मागे सरकून खेळला आणि त्याला कोणी धरायचं हेच इंग्लंडच्या बचावपटूंना कळेना. आघाडीतला खेळाडू असा मागे खेचून खेळवण्याची पद्धत रहीम यांनी भारतीय संघात आणली. पुढे तिच्यातूनच 4-2-4 ची रचना रुजली.

मेलबर्नला याचं फळ दिसलं. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने 4-2 हरवलं आणि त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. नेव्हिल मूळचा गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच, पण पुढे सामना 4-1 असा हातचा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने 3-0 हरवलं. चौथा क्रमांक. ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल याच्या वर कधी गेलेलं नाही. चारच वर्षांपूर्वी 10-1 ने चिरडणाऱ्या युगोस्लाव्हियाविरुद्ध भारत उपांत्य सामन्यात आघाडी घेतो, ही झेप पदकाइतकीच मोलाची मानायला हवी.

1960 च्या रोम ऑलिंपिकमधल्या गटात भारत तळाला राहिला. पण हंगेरीविरुद्ध 2-1 असा निसटता पराभव आणि फ्रान्सशी 1-1 बरोबरी हे निकाल पुन्हा वाचून पाहावेत. आज हे आकडे स्वप्नातले वाटतात. कर्णधार पी. के. बॅनर्जी होते, आणि संघात रहीम यांचा मुलगा एस. एस. हकीमही होता.

मग 1962. जकार्ताला जाताना रहीम यांची तब्येत ढासळत होती. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासलं होतं. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने 2-0 असा जिंकला. त्यानंतर भारताने थायलंडला 4-1, जपानला 2-0 हरवलं. थायलंडविरुद्ध जर्नैल सिंग या खंद्या बचावपटूच्या डोक्याला जखम झाली आणि टाके पडले. दुसऱ्या कुणी त्याला विश्रांती दिली असती, किंवा तसाच बचावात उभा केला असता. रहीम यांनी त्याला आघाडीला पाठवलं. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध 3-2 असा विजय मिळाला, त्यात जर्नैलचाही गोल होता. असा निर्णय घ्यायला धाडस लागतंच, पण आपल्या खेळाडूला आपण काय काय शिकवलं आहे याची पक्की खात्रीही लागते.

अंतिम सामना 4 सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. मैदानाबाहेर वातावरण पेटलेलं होतं. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता आणि त्यावर आशियाई स्पर्धेचे एक संस्थापक, भारताचे जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला. त्या रागात भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. सेनायन स्टेडियमवर लाखाच्या घरात प्रेक्षक आणि बहुतेक सगळे भारताच्या विरोधात. भारताचं नाव निघालं की हुर्यो. आदल्या रात्री रहीम यांनी आपल्याकडे सुवर्णपदकाचीच भेट मागितली, असं खेळाडू पुढे सांगत. तापातून उठलेला पीटर थंगराज गोलमध्ये उभा राहिला. 17 व्या मिनिटाला पी. के., 20 व्या मिनिटाला जर्नैल. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण 2-1 ने सुवर्णपदक भारताचं झालं. पी. के. आणि इतरांच्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते : त्या विरोधी गर्दीत पाकिस्तानचा हॉकी संघ भारतासाठी ओरडत होता.

त्या अकरा जणांत आपल्याकडचे दोघे होते. गोव्यातल्या कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको मुंबईत टाटांकडून खेळे. ओ. चंद्रशेखर केरळचा, पण मुंबईच्या कॅल्टेक्सचा बचावपटू. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दिवाळी अंकांत क्रिकेटपटूंच्या आठवणींना पानंच्या पानं मिळतात, या दोघांसाठी मात्र आपण फार थोडी शाई खर्च केली आहे, ही खंत मला वाटते.

रहीम यांचं निधन 11 जून 1963 रोजी झालं, वयाच्या 53 व्या वर्षी. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 साली, त्यांच्यानंतर 22 वर्षांनी. 2024 साली अजय देवगणच्या ‘मैदान’ चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं. चित्रपटाला शेवटच्या सामन्याचा थरार लागतो, त्यात काही वावगं नाही. पण कमकुवत पायाच्या त्या स्पर्धा पडद्यावर मावण्यासारख्या नसतात आणि माझ्या लेखी रहीम यांचं मोठेपण त्यांत जास्त आहे.

1964 च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला, तो बहुतांशी त्यांनीच घडवलेल्या खेळाडूंच्या बळावर. 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आलं, तेव्हा कर्णधार होता हैदराबादचाच सय्यद नईमुद्दीन आणि प्रशिक्षकांत होते पी. के. बॅनर्जी. पुढे नईमुद्दीन आणि अरुण घोष हेही राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. हकीम यांनी आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नाव कमावलं आणि प्रशिक्षणही केलं. म्हणजे माणसं तयार झाली होती, गुरूने शिकवलेलं त्यांच्या अंगात होतं. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी गावोगाव, शाळाशाळांत नियम बदलून स्पर्धा भरवण्याचं जे काम एका शिक्षकाने एका शहरात करून दाखवलं, ते देशभर करण्याची जबाबदारी कुठल्याच संघटनेने उचलली नाही. आशियाई स्पर्धेतलं तिसरं सुवर्णपदक अजून यायचं आहे.