डोकें कीं मन?

आमचें कुटुंब निवर्तल्यावर बोदवडास कित्येक दिवस मी 'डोकें दुखतें' एवढेंच म्हणत असें. सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, डोकें कीं मन?" मी निरुत्तर!

स्त्री भावनावश, पुरुष विवेकी, असें आपण समजतों. परंतु 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गांत अजराजा इंदुमतीसाठीं मुक्तकंठानें विलाप करितो. १९९८ सालीं अमेरिकेंतील लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांचे सहकारी यांस आढळलें कीं, स्वभाव विचारतां स्त्रिया स्वतःस अधिक भावनाशील म्हणतात. प्रसंग घडतांच नोंद घेतल्यास मात्र तसा भेद दिसत नाहीं. भेद आहे तो बहुतांशीं स्वतःविषयींच्या समजुतींत.

खानदेशांतील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर. तरी मनाच्या चांचल्यावर त्यांनीं काव्य रचिलें. मी जन्मभर अजविलाप शिकविला, आणि स्वतःच्या दुःखास मला शब्द सांपडला तो 'डोकें'!